प्रॉम्प्टमध्ये आपलं गाव घाला: एआयकडून ब्लॉगची आउटलाइन कशी काढून घ्यायची

इअरफोन लावलेत ना? आजचा भाग ऐकताना मोबाइलची नोट्सही उघडी ठेवा, कारण शेवटाकडे एक आख्खा प्रॉम्प्ट सांगणार आहे. ऐकताना सुटला तर काळजी नको, इथे खाली तो लिहूनच दिलाय.

विषय असा: ब्लॉग लिहायचाय, लोकांना गुगलवर तो सापडायला हवा, आणि आउटलाइन एआयकडून करून घ्यायचीय. चॅटजीपीटी असो नाहीतर जेमिनी, मुद्दा एकच.

मी बोलतेय दिघाशीहून. भिवंडी तालुका, ठाणे जिल्हा. उदाहरणही आपल्याच बाजूचं घेऊ: वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं, वज्रेश्वरी देवीचं मंदिर, गणेशपुरीत नित्यानंद बाबांची समाधी. बाहेरून येणारी माणसं आधी मोबाइलवर शोधतात आणि मग निघतात. म्हणजे आपण लिहिलेल्या लेखावर कुणाचा तरी रविवार अवलंबून असतो. चुकीची वेळ वाचून कुणी म्हाताऱ्या आईला घेऊन आलं आणि हात हलवत परत गेलं, तर ते भाडं, तो त्रास कुणाच्या खात्यात?

आता बहुतेक जण काय टाइप करतात? "वज्रेश्वरीवर एसईओ ब्लॉगची आउटलाइन दे." बस्स. त्यावर साधारण काय मिळतं, ते तुम्ही न बघताही सांगाल. प्रस्तावना, इतिहास, महत्त्व, कसे जावे, कुठे राहावे, निष्कर्ष. दिसायला एकदम छान! पण एक गंमत करा. त्यातलं "वज्रेश्वरी" पुसा आणि तिथे "टिटवाळा" लिहा. चाललं? मग "जेजुरी" लिहा. तेही चाललं? मग ती आउटलाइन वज्रेश्वरीची नाहीच. ती कुणाचीच नाही.

याला मी "नाव बदलून बघा" चाचणी म्हणते. आजच्या भागातलं एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे.

असं का होतं? एआय तुमच्या गावात आलेलं नाही. त्याच्याकडे आहे तो आधी लिहिला गेलेला मजकूर, आणि आपल्याकडच्या लहान गावांवर, त्यातही मराठीत, तो फार थोडा आहे. मग रिकाम्या जागा ते अंदाजाने भरतं, आणि भरताना अडखळतही नाही. "दिघाशी" एवढंच लिहिलंत तर ते बंगालचं दिघा समजू शकतं, नाहीतर रायगडचं दिघी. म्हणून गाव, तालुका, जिल्हा तिन्ही लिहायचे. पत्रावर पत्ता लिहितो ना, तसं.

बरं, गुगलला एआयचं लिखाण चालतं का? हा प्रश्न सगळ्यांना पडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुगलने सांगितलं की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो उपयोगाचा आहे का, हे ते बघतात. पण मार्च २०२४ मध्ये त्यांनी स्पॅमचे नियमही कडक केले. शोधात वर येण्यासाठीच ढिगाने पानं काढायची आणि वाचकाला त्यातून काहीच मिळणार नाही, हे नियमाबाहेर. मग ती पानं माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. आणि डिसेंबर २०२२ पासून गुगलच्या दर्जाच्या निकषांत "अनुभव" हा शब्द आलाय. लिहिणारा तिथे गेलाय का, त्याने ते वापरलंय का. आता सांगा, अकलोलीच्या कुंडाचा अनुभव एआयकडे आहे की तुमच्याकडे?

म्हणजे आपली बाजू भक्कम आहे. फक्त ती प्रॉम्प्टमध्ये उतरवायची.

पहिलं काम, एआय उघडायच्या आधीचं. गुगलच्या चौकोनात "वज्रेश्वरी" टाइप करा आणि थांबा. एंटर दाबू नका. खाली जे पर्याय येतात ते लिहून घ्या. मग तेच इंग्रजी अक्षरांत टाइप करा, कारण आपल्यातले कितीतरी जण मराठी तसंच लिहितात. मग एकदा शोधून, निकालांच्या मध्ये लोकांचे प्रश्न दिसतात तेही टिपा. दहा मिनिटांचं काम आहे. एआयला "किती लोक हे शोधतात?" असं विचारत बसू नका. शोधाची खरी आकडेवारी त्याला जोडलेली नसेल तर आलेला आकडा निव्वळ अंदाज असतो.

दुसरं काम: वाचक एकच ठरवा. नवस फेडायला येणारं कुटुंब, पावसाळी सहलीला निघालेली कॉलेजची पोरं, इतिहास शोधणारा विद्यार्थी, तिघेही "वज्रेश्वरी" असंच शोधतील. पण एकाला पायऱ्या किती ते हवंय, दुसऱ्याला नदीकाठी जाणं सुरक्षित आहे का ते, आणि तिसऱ्याला चिमाजी अप्पांचा नवस आणि १७३९ सालचा वसईचा विजय. तिघांना एका लेखात कोंबलंत तर तिघेही अर्ध्यावरून परत जातील.

तिसरं काम: तुम्हाला माहीत असलेल्या दहा ओळी लिहा. तोडक्यामोडक्या चालतील. गाडी कुठे लावतात, चप्पल कुठे काढतात, कुंडापाशी कपडे बदलायची काय सोय आहे. आठवत नसेल तर जाऊन बघा. पायऱ्या स्वतः मोजा की!

आता प्रॉम्प्ट. हा घ्या:

"मी ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यातल्या दिघाशी गावात राहते. मराठी ब्लॉगवर वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी यांवर एक लेख लिहायचा आहे. वाचक: कल्याणहून वयस्कर आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदाच येणारा तरुण, मोबाइलवर वाचणारा. त्याचा मुख्य प्रश्न: एका दिवसात तिन्ही ठिकाणं होतात का, आणि आई-वडिलांना झेपेल का? गुगलवर मिळालेले प्रश्न: [तुमची यादी]. मला स्वतःला माहीत असलेलं: [तुमच्या दहा ओळी]. यावरून फक्त आउटलाइन दे, लेख नको. मुख्य प्रश्नाचं उत्तर सगळ्यात वर येऊ दे. सहा-सात उपशीर्षकं दे, लोक विचारतात तशा साध्या मराठीत. प्रत्येकाखाली एका ओळीत लिही की वाचकाचा कुठला प्रश्न सुटतो आणि माझी कुठली माहिती तिथे वापरायची. वेळा, भाडं, अंतर, सालं माझ्या टिपणात नसतील तर स्वतःहून भरू नकोस, तिथे 'तपासा' असं लिही. पाण्याने आजार बरे होतात असा दावा कुठेही नको."

शेवटची ओळ मुद्दाम घातलीय. गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल "त्वचारोग बरे होतात" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि एआय तेच उचलतं. वाचणाऱ्याने औषध थांबवलं तर? श्रद्धा आहे असं लिहा, हरकत नाही. उपचार आहे असं लिहू नका.

आणि "तपासा" हा शब्द तर सोन्याचा. एआयला गप्प बसायची मुभा दिली नाही तर ते काहीतरी बोलणारच. मुभा दिली तरी चुकवण्याची शक्यता राहते, म्हणून आलेली प्रत्येक तारीख, प्रत्येक वेळ आपण बघायचीच. पण "तपासा" लिहिलेल्या जागा मिळाल्या की तुमची कामाची यादी आयती तयार. एक फोन, एक चक्कर, आणि लेखात अशी माहिती येते जी दुसऱ्या कुणाकडे नाही.

आउटलाइन आली की लगेच लिहायला बसू नका. दुसरा प्रॉम्प्ट द्या: "यातली कुठली उपशीर्षकं महाराष्ट्रातल्या कुठल्याही देवस्थानाला जशीच्या तशी लागू पडतील? ती काढ, किंवा मला असा प्रश्न विचार ज्याच्या उत्तराने ती फक्त या जागेची होतील." मग ते तुम्हालाच प्रश्न विचारायला लागतं. इथे खरी मजा आहे. त्या प्रश्नांची उत्तरं देता देता अर्धा लेख तयार होतो.

जाता जाता दोन गैरसमज. एक, "लेख दोन हजार शब्दांचाच पाहिजे." गुगलने असा कुठलाही आकडा ठरवलेला नाही. प्रश्न सहाशे शब्दांत सुटत असेल तर सहाशे. दोन, "कीवर्ड पानाच्या मेटा कीवर्डमध्ये भरून टाका." शोधाचा क्रम लावताना गुगल ते बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय. एकच शब्द वीस वेळा लिहून वाचक कंटाळतो, फायदा काही होत नाही.

लेख टाकल्यावर गुगल सर्च कन्सोल जोडा, फुकट आहे. काही आठवड्यांनी त्यात दिसेल की लोक कुठले शब्द टाइप करून तुमच्याकडे आले. ते शब्द पुढच्या प्रॉम्प्टमध्ये घाला. तेव्हा मात्र आकडे खरे असतील.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या गावातली एक जागा निवडा. देऊळ, बाजार, तलाव, वडापावची गाडी, काहीही. तीन कामं करा, प्रॉम्प्ट द्या, आणि आलेल्या आउटलाइनमध्ये दुसऱ्या गावाचं नाव टाकून बघा. चाललं, तर अजून लिहायला बसू नका. आधी एक चक्कर मारून या.

भेटू पुढच्या भागात.