चैन कोणाची, हिशेब कोणाचा?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शेतमालाचे भाव, बेरोजगारी, खासगीकरण असे भारदस्त विषय कार्यक्रमपत्रिकेत असताना मी बोलायला 'चैन' हा विषय मागून घेतला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चैन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, तिच्यावर चळवळीच्या व्यासपीठावरून काय बोलायचे, असा प्रश्न मला काल एका तरुण कार्यकर्त्याने विचारलाही. माझे उत्तर असे की, माणूस पोटापलीकडे कशावर खर्च करतो आणि त्याच्या त्या खर्चाकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, या दोन गोष्टींतून त्या समाजाची वर्गरचना जितकी स्वच्छ दिसते तितकी ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यांतूनही दिसत नाही.

प्रथम व्याख्येपुरते थोडे अर्थशास्त्र. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या खर्चाचे आकडे तपासून एक नियम मांडला. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा कमी होत जातो, हा तो नियम. उत्पन्न वाढल्यावर ज्या वस्तूंवरील खर्च उत्पन्नापेक्षा अधिक वेगाने वाढतो, त्यांना अर्थशास्त्र चैनीच्या वस्तू म्हणते. या व्याख्येत नीतीचा लवलेश नाही. वस्तूच्या अंगी चैन नसते. ती वस्तू कोणत्या उत्पन्नाच्या माणसाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून असते. बंगल्यातल्या माणसाची रोजची दाढदुखीची तपासणी ही गरज ठरते, आणि मोलकरणीला दाढ दुखत असताना डॉक्टरकडे जाणे परवडत नाही, म्हणून तिच्या हिशेबात तीच चैन होते.

मी शिकवीत असताना दर वर्षी एम.ए.च्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना विचारीत असे, 'तुमच्या दृष्टीने चैन म्हणजे काय?' सुरुवातीच्या वर्षांत स्कूटर आणि रंगीत दूरदर्शन संच ही उत्तरे येत. पुढे मोबाइल आला, मग वातानुकूलन यंत्र आले. एका वर्षी यवतमाळकडच्या एका मुलीने सांगितले, 'आतून कडी लावता येईल अशी एक खोली, आणि वाचत बसले असता कोणी हाक न मारणे.' वर्गात हशा पिकला. परंतु त्या उत्तराइतके नेमके उत्तर मला नंतरही कोणी दिले नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि हा वणवा पुणे-नगर भागात पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी कर्जबाजारी का झाला, याचे एक सोपे उत्तर तेव्हाच्या अधिकारीवर्गात रूढ होते: तो लग्नाकार्यात उधळपट्टी करतो. दख्खन दंग्यांच्या त्या आयोगाने हिशेब तपासल्यावर, लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा दिला. महात्मा फुले यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हाच आक्षेप घेऊन त्याचे वाभाडे काढले. शेतकऱ्याच्या घरच्या लग्नात खरोखर काय शिजते, नवरानवरीच्या अंगावर काय असते, याचे वर्णन करून, या खर्चाने कोणी बुडत नाही, शेतसारा आणि सावकारी यांनी बुडतो, असे त्यांनी दाखवून दिले. ध्यानात घ्या, हे फुले म्हणजे लग्नातील भटभिक्षुकांचा खर्च बंद व्हावा म्हणून 1873 पासून सत्यशोधक पद्धतीने लग्ने लावणारे गृहस्थ. खर्च टाळावा असे ते शेतकऱ्याला स्वतः सांगत होते. पण त्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्याच ताटावर फोडणे त्यांना मान्य नव्हते. या दोन गोष्टींतला फरक आपल्या कार्यकर्त्यांनी पक्का समजून घेतला पाहिजे.

कारण हे खापर फोडणे 1883 साली संपले नाही. विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सत्र सुरू झाल्यावर, 2006 च्या जुलैमध्ये पंतप्रधान येथे येऊन सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करून गेले, त्या काळात आणि नंतरही, 'लग्नात उधळतात, दारू पितात, मग कर्ज फिटणार कसे?' हा सूर शहरी दिवाणखान्यांतून वारंवार ऐकू येत असे. कोरडवाहू कापसाचा उत्पादनखर्च, बाजारभाव, बँकेने दार बंद केल्यावर कृषी केंद्राकडून उधारीवर घेतलेले बियाणे आणि औषध, या गोष्टींपेक्षा मांडवातला बँडबाजा डोळ्यांत भरतो. तो बँडबाजा तरी का वाजतो? शेतकऱ्याच्या हाती पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. कापूस विकला की एकदाच येतो. तो घरात टिकवणे कठीण असते, आजारपण, नातेवाईक, तगादेदार सारे टपलेले असतात. लग्न मोठे केले की सोयरीक जुळते, गावात पत राहते, आणि अडीअडचणीला धावून येतील अशी माणसे जोडली जातात. ज्याला विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, त्याची ती एक प्रकारची विम्याची रक्कमच असते. घरातल्या बाईच्या गळ्यातले चार मणी पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे जातात आणि सुगीनंतर सुटले तर सुटतात. शहरातल्या माणसाला जो दागिना दिसतो, तो या कुटुंबाचे खेळते भांडवल असतो.

चैनीचा आणखी एक इतिहास या देशात आहे, आणि नागपुरात तरी तो सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. परवडत असूनही चैन करण्याची मनाई असलेले लोक येथे होते. राजस्थानातील चकवाडा गावी 1936 साली एका अस्पृश्य माणसाने तीर्थयात्रेहून परतल्यावर जातभाईंना जेवण घातले आणि पदार्थ तुपात केले. अस्पृश्यांनी तूप खावे कसे, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन पंगतीवर चालून गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात हा प्रसंग नोंदवला आहे. इंदूरकडील बलाई लोकांनी जरीकाठी पागोटे घालू नये असे फर्मान निघाले होते, तेही त्यांनी तेथेच सांगितले आहे. तूप, जरीचा काठ, पितळेची घागर यांवर जेथे माणसे मार खातात, तेथे स्वच्छ आणि सुंदर कापड नेसणे ही स्वाभिमानाची कृती होते. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना, जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडा, असे सांगितले, त्याचा अर्थ हा आहे. साधेपणाचा उपदेश आपण कोणाला करतो आहोत, याचे भान यासाठी ठेवायचे. सेवाग्रामची कुटी गांधीजींनी निवडली होती. शेजारच्या झोपडीतल्या माणसाने आपली झोपडी निवडली नव्हती. निवडलेला साधेपणा आणि लादलेले दारिद्र्य बाहेरून सारखीच दिसतात.

याच शहरात दर वर्षी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसे येतात. कितीतरी जण शिदोरी बांधून येतात आणि उघड्यावर झोपतात. तेथे सर्वांत मोठी विक्री पुस्तकांच्या दुकानांत दिसते. मजुरी करणारा माणूस पुस्तक छातीशी धरून परत जातो. उत्पन्नाशी प्रमाण पाहिले तर ही उधळपट्टीच होय! परंतु या उधळपट्टीची परंपरा बाबासाहेबांपासून चालत आली आहे. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमवली, आणि पुढे दादरला 'राजगृह' बांधले तेही ग्रंथांना जागा हवी म्हणून.

आणि सावजी? आज पंचतारांकित हॉटेलांच्या भोजनपत्रिकेत जाऊन बसलेले हे झणझणीत जेवण मुळात आपल्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे. दिवसभर मागावर बसायचे, पाय आणि डोळे झिजवायचे, आणि मजुरी हाती पडली की एक दिवस मटणाचा रस्सा करायचा. जॉर्ज ऑर्वेलने 1937 साली इंग्लंडच्या बेकार खाणकामगारांविषयी लिहिताना म्हटले होते की, माणूस जितका गरीब तितकी त्याला चविष्ट काहीतरी खाण्याची ओढ अधिक. सकस पण बेचव अन्न खाण्याचा सल्ला पोट भरलेल्या माणसाला सुचतो. आपल्या पाचपावलीला हे कोणी इंग्रज लेखकाने समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मग प्रश्न असा येतो की, गरिबाची प्रत्येक चैन आपण डोळे मिटून मान्य करायची काय? मुळीच नाही. कुटुंब हा एक आकडा नसतो. घरातील चैन बहुधा पुरुषाची असते आणि काटकसर बाईची. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली ती दिल्ली-मुंबईच्या नीतिवाद्यांमुळे झाली नाही. तिच्यामागे गावोगावच्या आदिवासी स्त्रिया होत्या. चंद्रपुरात 2015 साली बंदी आली, तीही स्त्रियांच्या मोर्च्यांनंतर. ती 2021 साली उठवली गेली. बंदीच्या उपयुक्ततेविषयी मतभेद असू शकतात. परंतु नवऱ्याची चैन ज्यांच्या पोटातून वजा होते त्यांनी हिशेब मागितला, तर तो देणे भाग आहे. हप्त्यांवर सारे काही विकणाऱ्या नव्या व्यवस्थेविषयीही हेच म्हणावे लागेल. 'बिनव्याजी' हप्त्यांचे व्याज किमतीत दडवलेले असते, आणि जाहिरातीने जागवलेली इच्छा पुढच्या पगारावर आधीच ताबा मिळवते. त्या इच्छेला आपली स्वतःची आवड म्हणणे अवघड आहे.

आता ज्यांच्या चैनीचा हिशेब कोणी मागत नाही, त्यांच्याकडे वळू. थोर्स्टीन व्हेब्लेनने 1899 साली सांगून ठेवले की, धनिकांचा बराचसा खर्च उपभोगासाठी नसून इतरांनी पाहावा यासाठी असतो. 2022-23 च्या सरकारी उपभोग-खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च 1,373 रुपये होता. म्हणजे अन्न, कपडा, औषध, प्रवास सारे मिळून दिवसाला सुमारे 46 रुपये. शहरातील वरच्या पाच टक्क्यांचा 20,824 रुपये होता, आणि खरे धनाढ्य अशा पाहण्यांच्या चिमटीत सापडतच नाहीत. 1963 साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी 27 कोटी भारतीय रोज तीन आण्यांवर जगतात हे सांगून पंतप्रधानांवरील रोजच्या 25,000 रुपयांच्या खर्चाशी त्याची तुलना केली, तेव्हा मोठे वादळ उठले. आकड्यांवर वाद झाला, पंडित नेहरूंनी पंधरा आणे सांगितले. पण दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याची सवय लोहियांनी देशाला लावली.

ती सवय करांच्या बाबतीत लावून पाहा. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर 18 टक्के आणि सोन्यावर 3 टक्के कर बसला. सोन्यावर कर जास्त लावल्यास चोरटा व्यापार वाढतो, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो पोकळही नाही. परंतु बांधकामावरची बाई चहात बुडवून पोराला जे देते, ते चैनीच्या रांगेत बसवायला कोणता युक्तिवाद होता? बिस्किट, साबण, दंतमंजन यांवरील दर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांवर आले, हे चांगले झाले; आठ वर्षे मात्र गेली ती गेली.

दुसरीकडे, निकोलस काल्डोर यांच्या शिफारशींवरून 1957 साली आपल्याकडे संपत्ती कर आणि व्यय कर असे दोन कर आले. व्यय कराची कल्पना मोठी होती: माणूस किती कमावतो यापेक्षा स्वतःवर किती उधळतो, यावर कर. तो 1962 साली गेला, 1964 साली परत आला आणि 1966 साली कायमचा गेला. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. वसुली जेमतेम हजार कोटींची आणि खटाटोप फार, असे कारण दिले गेले, आणि त्याऐवजी एक कोटीवरील उत्पन्नावर दोन टक्के अधिभार आला. वसुली कमी होती हे खरे. पण सवलतींची भोके सरकारनेच पाडली होती, हेही तितकेच खरे. भोके बुजवण्याऐवजी भांडेच फेकून दिले गेले.

बंदीचा मार्गही आपण चोखाळून पाहिला आहे. 1963 च्या सुवर्णनियंत्रणाने 14 कॅरटवरील दागिने घडवण्यास मनाई केली. श्रीमंतांचे सोने तिजोरीतच राहिले आणि हजारो सोनार कारागीर देशोधडीला लागले. अखेर 1990 साली तो कायदा मागे घेतला गेला. त्यातून घ्यायचा धडा असा की, चैनीवर घाव घालताना तो कारागिराच्या हातावर पडणार नाही, हे आधी पाहावे. कर वरच्या खर्चावर बसावा आणि त्याचे उत्पन्न डोळ्यांना दिसेल अशा सार्वजनिक सुखसोयींत जावे.

या शेवटच्या मुद्द्यावर मी भर देऊ इच्छितो. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी या शहरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिने कित्येक पिढ्यांना मजुरी दिली. गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर त्याच नावाचा मॉल उभा राहिला. जेथे भोंग्यावर माणसे आत जात, तेथे आता पाकिटाच्या वजनावर जातात. त्या जागी एखादे मोठे ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, कामगारांच्या मुलांसाठी नाट्यगृह का होऊ शकले नाही? ही मागणी आपणही पुरेशा जोराने केली नाही, कारण डाव्या चळवळीने भाकरी आणि भाव यांपलीकडची मागणी करणे काहीसे अप्रतिष्ठेचे मानले. सावलीचे उद्यान, वातानुकूलित वाचनालय, तिकीट न लावता ऐकायला मिळणारे चांगले गाणे, या गोष्टी सर्वांच्या मालकीच्या झाल्या की त्या चैनीच्या राहत नाहीत, आणि खासगी चढाओढीचा जोरही थोडा ओसरतो. नागपूरच्या मे महिन्यात सेहेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला गार हवेची खोली हवी असेल, तर त्याला त्यागाचे महत्त्व सांगणारे आपण कोण?

मित्रहो, वस्तीत काम करताना कोणाच्या घरी नवा मोठा दूरदर्शन संच दिसला, पोरीच्या वाढदिवसाला केक आणलेला दिसला, तर कपाळाला आठी घालू नका. त्या घराचे कर्ज किती, ते कोणाचे, व्याज काय, हे विचारा. घरातली बाई शेवटी जेवते की सर्वांबरोबर, हे पाहा. आणि जिल्ह्यातल्या बड्या लग्नाची निमंत्रणे आपल्या पुढाऱ्यांना येतात, तेव्हा त्या मांडवात पुढच्या खुर्चीवर बसून आल्यानंतर दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याला काटकसर शिकवू नका. माझी सूचना अशी की, जिल्हा शाखेने येत्या वर्षात दोन कामे हाती घ्यावीत: वस्त्यांमधील हप्त्यांच्या आणि सावकारी कर्जांच्या खऱ्या व्याजदराची पाहणी, आणि प्रत्येक प्रभागात रात्री दहापर्यंत उघडे राहणारे, पंखा आणि दिवा असलेले एक वाचनालय मिळावे म्हणून महानगरपालिकेपुढे धरणे. यवतमाळकडच्या त्या मुलीसारख्या कितीतरी मुली आज या शहरात भाड्याच्या खोल्यांत चौघी-चौघींनी राहतात. त्या वाचनालयात त्यांना कोणी हाक मारणार नाही, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.