कष्टाची कंबर आणि फिजिओथेरपी

बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट कंबरदुखी म्हणतात. शेवटच्या बरगडीच्या खाली आणि नितंबांच्या घडीच्या वर ती जाणवते. कधी मांडीतून पोटरीपर्यंत उतरते. २०२० साली जगातल्या सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज जागतिक आजारभाराच्या अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. जीव न घेता माणसाची वर्षे निकामी करणाऱ्या आजारांत ही व्यथा जगात पहिली आहे.

ती खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसाची व्यथा आहे, हा समज चुकीचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातल्या गावांत या दुखण्याचा अभ्यास केला आणि कंबरदुखी हा ग्रामीण भागाचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे दाखवले. संस्थेच्या शोधग्राम परिसरातल्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात मुंबईच्या ‘स्पाइन फाउंडेशन’चे तज्ज्ञ येऊन मणक्याचे रुग्ण तपासू लागले, तेही याच गरजेतून.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातही हेच दिसते. त्याच्या कडेने वर्धा आणि वैनगंगा वाहतात, एकत्र येतात आणि पुढे प्राणहिता होतात. धान, कापूस आणि जंगल यांवर येथली घरे चालतात, आणि या तिन्हींचे काम वाकून होते. जुलै-ऑगस्टच्या रोवणीत पाय चिखलात रुतलेले असतात, गुडघे जवळजवळ ताठ, कंबर पूर्ण वाकलेली, एका हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफूल वेचायचे. मे महिन्यात खुरट्या झुडपांवरचा तेंदूपत्ता तोडायचा, गाठोडे डोक्यावरून घरी आणायचे आणि मांडी घालून ७०-७० पानांची पुडकी बांधत बसायचे. सरपण आणि पाणी वर्षभर असतेच. शेजारच्या राजुरा-बल्लारपूर पट्ट्यातल्या कोळसा खाणींत डंपर चालवणाऱ्यांच्या कण्याला आणखी एक भार सोसावा लागतो. यंत्राचे तासन्‌तास चालणारे हादरे हे कंबरदुखीचे सिद्ध झालेले कारण आहे.

वाकलेल्या कण्यात काय घडते, हे उपचार ठरवण्याआधी समजून घ्यावे लागते. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ शांत होतात आणि शरीराचा भार अस्थिबंध व मणक्यांमधल्या गाद्या पेलतात. काही मिनिटे जरी हीच स्थिती राहिली, तरी अस्थिबंध हळूहळू ताणले जातात आणि सरळ उभे राहिल्यावरही लगेच मूळ लांबीवर येत नाहीत. तेवढा वेळ स्नायूंचा प्रतिसादही मंदावलेला असतो. रोवणीतून उठून ताबडतोब पऱ्ह्यांचे ओझे उचलताना कंबरेत उसण भरते, ती यामुळे. झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत वाकताना त्यांच्यावर अधिक ताण येतो. मोहफूल नेमके त्याच वेळी वेचावे लागते.

तपासणीत पहिले काम आहे ते व्यायामाने बरे न होणारे आजार वेगळे काढण्याचे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा येणे, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे, या लक्षणांवर रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवे. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री न थांबणारी वेदना असेल, तर मणक्याचा क्षयरोग मनात धरावा लागतो. चाळिशीच्या आत सुरू झालेली, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कडकपणा देणारी, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी वेदना संधिवाताकडे बोट दाखवते.

चंद्रपूर-गडचिरोलीत या यादीत आणखी तीन नोंदी हव्यात. पहिली सिकलसेलची. या आजारात रक्तपुरवठा अडल्याने पाठीच्या हाडांत तीव्र कळा येतात. खुब्याच्या हाडाचे डोके झिजले, तर रुग्ण त्या दुखण्यालाही कंबरदुखीच म्हणतो. अशा रुग्णाला व्यायामापूर्वी पाणी, ऊब आणि डॉक्टर लागतात. दुसरी फ्लोराइडची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात ते जास्त आहे. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्याने कणा ताठरतो, आणि मग पाण्याचा स्रोत बदलल्याशिवाय उपचार पुढे सरकत नाही. तिसरी स्त्रीरोगांची. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये जगापुढे आणले. त्यांतले काही आजार कंबरदुखीच्या रूपाने समोर येतात, पण बाई ते पुरुष तपासनिसाला सांगत नाही. म्हणून स्त्रियांची तपासणी शक्यतो स्त्री फिजिओथेरपिस्टने करावी आणि प्रश्न एकांतात विचारावेत.

हे सारे वगळल्यावर उरतात ते दहातले नऊ रुग्ण. त्यांच्या दुखण्यामागे एका जागी बोट ठेवता येईल असा बिघाड सापडत नाही. एमआरआयवर झीज दिसते खरी. पण काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रांतही ती दिसते. २०१५ मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, वेदना नसलेल्या वीस वर्षांच्या तरुणांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या गाद्यांवर झिजेच्या खुणा होत्या. वयाबरोबर त्वचेला सुरकुत्या पडतात, तशा या खुणा. ‘मणक्यात गॅप आला’, ‘गादी सरकली’, ‘शीर दबली’ असे ऐकून घरी गेलेला रुग्ण मात्र आपला कणा मोडका समजू लागतो. भीतीने तो हालचाल टाळतो, न हलल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंना थोडेसे कामही दुखवते. या चक्रामुळे दुखणे जुनाट होते. स्कॉटिश शल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ मध्ये कंबरदुखीकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही बाजूंनी पाहण्याची गरज मांडली. आजची चिकित्सा त्याच पायावर उभी आहे.

व्यायामपद्धतींचा इतिहास जवळजवळ एका शतकाचा आहे. अमेरिकेत पॉल विल्यम्स यांनी १९३७ मध्ये पुढे वाकण्याच्या व्यायामांवर भर दिला. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५० च्या दशकात मागे वाकवण्याचा परिणाम पाहिला आणि कोणत्या दिशेच्या हालचालीने वेदना पायातून कमरेकडे परतते, हे तपासून व्यायाम ठरवण्याची पद्धत घडवली. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवले, की कंबरदुखीच्या रुग्णांत पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू उशिरा आकुंचन पावतो. त्यातून कण्याला स्थैर्य देणारे व्यायाम सर्वत्र पोहोचले. योग, पिलाटीस आणि वजन उचलण्याचे व्यायाम त्यांत मिळाले.

यांपैकी श्रेष्ठ कोणते? कॉक्रेन संस्थेने २०२१ मध्ये २४९ चाचण्या एकत्र तपासल्या. जुनाट कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा व्यायाम बहुधा चांगला, हे त्यातून दिसले. पण कोणतीही एक पद्धत इतरांना फार मागे टाकते असे ठरले नाही. याचा व्यवहारातला अर्थ मोलाचा आहे. रुग्ण महिनोन्‌महिने करील तो व्यायाम योग्य. पद्धतीचा आग्रह धरण्यापेक्षा रुग्णाच्या घराला, कपड्यांना आणि वेळेला जुळणारे व्यायाम निवडणे हे जास्त कौशल्याचे काम आहे.

यंत्रांविषयी स्पष्ट बोलायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली. समजावून सांगणे, आखीव व्यायाम, मसाजसारखे हाताने करायचे काही उपचार आणि मानसोपचाराची जोड यांची तिने शिफारस केली. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असेही तिने सांगितले. मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून आलेल्या रुग्णाला दहा दिवस यंत्राखाली झोपवणे आणि काहीही न शिकवता परत पाठवणे फिजिओथेरपीच्या व्यवसायाला शोभणारे नाही. शेकाने बरे वाटत असेल तर तो घरीही घेता येतो. दवाखान्यातला वेळ रुग्णाने स्वतः हालचाल करण्यासाठी असावा.

भीती कमी करणे हाही उपचाराचाच भाग आहे. ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टनी रुग्णाला त्याचे दुखणे त्याच्याच शब्दांत उलगडून दाखवले, भीती वाटणाऱ्या हालचाली हळूहळू करून घेतल्या आणि झोप व दिनक्रम सुधारला. त्याचा लाभ वर्षभर टिकला. हे करायला यंत्र लागत नाही. ऐकून घेण्याची सवय लागते. दुखणे पूर्ण जाईपर्यंत जगणे थांबवायचे नसते, याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्याला बाहेर शोधावे लागत नाही. कण्याच्या आजाराने बसणेच अशक्य झालेले बाबा आमटे उभ्याने किंवा आडवे होऊन काम करत राहिले आणि १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ यात्रेत निघाले. त्यांनी काम सोडले नाही, कामाची रीत बदलली.

या भागातल्या रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवसभर राबतो, मग आणखी व्यायाम कशाला? त्याला नीट उत्तर मिळायला हवे. कष्ट एकाच दिशेने, एकाच स्थितीत, थकल्यावरही चालू राहतात आणि त्यांचे माप मुकादम किंवा पाऊस ठरवतो. व्यायामात माप रुग्णाच्या हाती असते, दिशा बदलत्या असतात, मध्ये विश्रांती असते आणि भार पायरीपायरीने वाढतो. कष्टाने शरीर झिजू शकते. मोजक्या व्यायामाने ते त्याच कष्टासाठी तयार होते. म्हणून ‘वाकू नका, वजन उचलू नका’ हा सल्ला गोंडपिपरीत निरुपयोगी आहे. वाकणे बंद म्हणजे मजुरी बंद. उपचाराचे ध्येय वाकू शकणारी कंबर घडवणे हे असायला हवे.

त्यासाठी उपचाराचे वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाला जोडावे लागते. धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे आठ ते दहा आठवडे ताकद वाढवण्याचे. हातापायांवर ओणवे होऊन पाठ वर-खाली करणे, त्याच स्थितीत विरुद्ध हात-पाय लांब करणे, उताणे झोपून कंबर उचलणे, गुडघ्यांच्या आधारे कुशीवर शरीर तोलणे, पाठीला काठी लावून खुब्यातून वाकायला शिकणे, एवढे पाच व्यायाम चटईवर होतात. पुढे पाण्याने थोडी भरलेली गुंडी उचलायची आणि दर आठवड्याला पाणी वाढवत न्यायचे. मोहफुलाच्या दिवसांत उठल्याबरोबर वाकण्याऐवजी आधी थोडे चालावे आणि कधी वाकून, कधी उकिडवे बसून वेचावे. तेंदूच्या हंगामात गाठोडे लहान बांधावे आणि पुडकी करताना पाठ भिंतीला टेकवावी. रोवणीत दर अर्ध्या तासाने साऱ्या रांगेने उभे राहून, हात कमरेवर ठेवून पाच-दहा वेळा मागे झुकावे, आणि उठल्यावर दोन-तीन मिनिटे ओझे उचलू नये. हे एकट्या बाईला जमत नाही. मालकाने आणि रांगेने मानले तरच जमते. त्यामुळे सल्ला शेताच्या बांधापर्यंत जायला हवा.

एकदा बरी झालेली कंबर पुन्हा दुखू नये, यासाठीचा पुरावा सोपा आहे. २०२४ मध्ये ७०१ जणांवरच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत, फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने चालण्याचा क्रम पाळणाऱ्यांना दुखणे परतेपर्यंत मध्यमानाने २०८ दिवस मिळाले. न पाळणाऱ्यांना ११२. खाणीतला चालक, शिक्षक, दुकानदार अशा बैठ्या रुग्णांना हा उपाय थेट लागू पडतो.

सुधारणा मोजण्याचे साधनही येथले हवे. ऑस्वेस्ट्री प्रश्नावली १९८० पासून जगभर वापरली जाते. ती बसणे, प्रवास, झोप यांविषयी विचारते, रोवणीविषयी विचारत नाही. कॅनडात १९९५ मध्ये तयार झालेल्या एका मापनात रुग्ण स्वतःला अडलेली तीन ते पाच कामे सांगतो आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण देतो. ‘बांधीत तासभर रोवणे’ किंवा ‘विहिरीवरून गुंडी आणणे’ असे काम लिहिले, की प्रगती रुग्णालाही दिसते.

या भागातल्या फिजिओथेरपिस्टांपुढे चार कामे आहेत. वरील पाच व्यायाम आणि धोक्याची लक्षणे मराठी, गोंडी, माडिया आणि सीमेवरच्या गावांसाठी तेलुगूत, चित्रांसह तयार करावीत. आशा कार्यकर्त्यांना ती लक्षणे ओळखायला आणि व्यायाम करवून घ्यायला शिकवावे. ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची नियमित सेवा मिळावी आणि त्याचा आठवड्यातला एक दिवस गावात जावा, अशी मागणी शासनाकडे करावी. चौथे, प्रत्येक केंद्राने रुग्णांची नोंद कामाच्या गुणांसह ठेवावी, म्हणजे शहरांत आणि परदेशांत झालेल्या चाचण्यांचा येथे किती उपयोग होतो, हे पुढच्या हंगामात येथल्याच आकड्यांवरून ठरवता येईल.