पंगतीतून उभे राहते ते मंदिर

(ग्रामदैवताच्या जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



श्रींच्या मंदिरावर कळस चढला की साऱ्या गावाच्या माना वर होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जीर्णोद्धाराचा खरा आरंभ पाहायचा असेल तर नजर खाली, मंदिरामागच्या मोकळ्या जागेतील चुलाणाकडे वळवावी लागते. पहिला दगड बसण्याच्या कितीतरी आधी तिथे काहील चढलेली असते. तिथे गाव जेवते, जेवता जेवता बोलते, आणि बोलता बोलता कामाला हात घालते. म्हणून आजच्या मंगल प्रसंगी पंगतीविषयी चार शब्द सांगणे अगत्याचे आहे.

शेतकऱ्याच्या घरी धान्य असते, रोकड मात्र नेहमीच असते असे नाही. वर्गणीदार दारात उभा राहिला की कुटुंबप्रमुख खिसा चाचपतो आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो. हे कंजूषपण नव्हे. हातात पैसा नसतो, एवढेच. त्याच घरी शिधा मागा. मालकीण सुपात तांदूळ घेऊन हसतमुखाने बाहेर येते, वर गुळाचा खडा ठेवते. या शिध्याचाच महाप्रसाद होतो. महाप्रसादाला पाहुणे येतात, सासरी गेलेल्या लेकी येतात, मुंबई-पुण्याचे नोकरदार येतात आणि श्रींच्या ताटात यथाशक्ती दक्षिणा टाकतात. गावाच्या कणगीतले धान्य अशा रीतीने दगड, वाळू आणि सिमेंट होते. ‘गाव करी ते राव न करी’ असे म्हणतात, त्याचे मर्म हेच.

आता थोडा हिशेब पाहू या. हजार पानांचा आमटी-भाताचा बेत असेल तर किलोला आठ ते दहा माणसे या प्रमाणाने शंभर ते सव्वाशे किलो तांदूळ लागतो. डाळ साधारण चाळीस किलो धरावी. दोनशे उंबऱ्यांच्या गावात हा भार घरटी पाऊण किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ एवढाही पडत नाही. एकट्यावर पडले तर घर मोडेल, सर्वांवर पडले तर कोणाला कळणारही नाही, असे हे ओझे आहे.

परंतु इथेच पुष्कळ गावांची फसगत होते. समजा, एका महाप्रसादाला ताटात एक लाख रुपये जमले. शिधा घरोघरचा, सरपण शिवारातले, वाढपी गावची पोरे, चपात्या लाटायला आळीआळीच्या सुना. मग तेल, मसाला, पत्रावळी यांवर पंधरा हजार गेले तरी पंच्याऐंशी हजार बांधकामाला उरतात. तोच स्वयंपाक ठेक्याने दिला आणि पानामागे नव्वद रुपये मोजले, तर नव्वद हजार ठेकेदाराचे आणि दहा हजार देवाचे. वर मंडप, रोषणाई, बँड आणि ध्वनिक्षेपक लावला तर देवालाच कर्ज! जेवण थाटाचे झाले, लोक वाहवा करीत गेले, आणि भिंत मात्र होती तिथेच राहिली. कार्यासाठी घातलेली पंगत साधी असावी, ती कोणाच्या लग्नाची नव्हे, हे पहिले सूत्र.

दुसरे सूत्र असे की पानाला दर लावू नये. दर लावला की ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो लाजेने घरी बसतो, आणि ज्याच्याजवळ आहेत तो ‘पैसे मोजले’ म्हणून मोकळा होतो. पंगतीत पान सर्वांना सारखे असते. देणे मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीचे आणि इच्छेचे. कोणी पाचशे देईल, कोणी पाच देईल, कोणी लाकडे फोडून देईल.

या मार्गाने थोरामोठ्यांनी केवढी कार्ये उभी केली! गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना पणजीला 1908 साली मुष्टिफंड सुरू झाला. घरोघर मूठभर तांदूळ बाजूला पडू लागला आणि त्या मुठीतून मराठी शिक्षणाची सोय झाली. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. श्रीसंत गाडगे महाराजांनी तर मुलीच्या बारशाला मटण-दारूची रूढ पंगत मोडून गोडाधोडाचे जेवण घातले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या, पण स्वतः त्यांच्या सुखात राहिले नाहीत. काम केल्यावाचून कोणाची भाकरी घ्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. लोकांच्या अन्नावर आणि पैशावर कार्य करणाऱ्याने कसे वागावे याचा हा धडा आहे.

तिसरे सूत्र सर्वांत महत्त्वाचे, आणि ते स्पष्टच बोलले पाहिजे. पंगत एकच असावी. पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाचे दर्शन हरिजनांना खुले व्हावे म्हणून पूज्य साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले. त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली. तरीही एखाद्या गावात आवतण एका वस्तीला सकाळी जाते आणि दुसऱ्या वस्तीला ‘सर्वांचे उरकल्यावर या’ असा निरोप जातो. शिधा घेताना जात कोणी विचारीत नाही, मग वाढताना ती का आठवावी? जिथे एका घरालाही मागून बोलावले जाते, तिथे कळस सोन्याचा असला तरी जीर्णोद्धार अपुरा आहे. मंदिराला गेलेला तडा चुन्याने बुजतो. गावाला गेलेला तडा एका पंगतीला बसल्यानेच बुजतो.

चौथे सूत्र हिशेबाचे. देवाच्या कामात हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, असा एक गैरसमज आहे. वास्तविक हिशेब मागण्याची वेळच येऊ देऊ नये. प्रत्येक रकमेस क्रमांक असलेली पावती आणि तिची स्थळप्रत असावी. ताटातील रक्कम चार जणांसमक्ष, त्याच रात्री मोजावी आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. शिध्याचीही नोंदवही हवी. उरलेले धान्य कोणाच्या घरी न जाता जाहीर लिलावाने विकले जावे. नारळ, वस्त्र, पहिली आरती यांच्या लिलावात उत्साहाने बोली चढते, पण पुष्कळदा ती उधारीचीच राहते. भर सभेत अकरा हजार बोललेला गृहस्थ वर्षभर तोंड चुकवीत फिरतो आणि वसुलीला जावे तर वैर येते. त्यापेक्षा बोली लहान आणि पैसे रोख, हे बरे. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मकार्यासाठी वर्गणी गोळा करायची असल्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41-क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडून आधी परवानगी घ्यावी लागते. हा कागद किरकोळ वाटतो, परंतु तंट्याच्या वेळी तोच कामाला येतो. आणि शेवटी, जिथे पंगत झाली त्याच जागी पुढच्या पंगतीआधी मागचा जमाखर्च वाचून दाखवावा. ज्या गावात हे घडते त्या गावाला दुसऱ्यांदा वर्गणी मागताना लाजावे लागत नाही.

पाचवे सूत्र स्वच्छतेचे. 2024 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सप्ताहाच्या प्रसादातील भगर-आमटी खाऊन शेकडो भाविकांना विषबाधा झाली. रुग्णालयाबाहेर दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. भक्ती होती, अन्न मात्र सुरक्षित नव्हते. पाणी निर्जंतुक केलेले, धान्य निवडलेले, भांडी कल्हईची, स्वयंपाक त्याच दिवसाचा, एवढे तरी पथ्य पाळले पाहिजे. अन्नसुरक्षा कायद्याखालील 2011 च्या नियमांत धार्मिक समारंभात अन्नवाटप करणाऱ्यांचाही समावेश आहे, त्यांनी नोंदणी करून घ्यावी.

आता माता-भगिनींविषयी. कोणत्याही मंदिराच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे मोठ्या अक्षरांत कोरलेली असतात. पहाटे तीनला उठून कणीक मळणाऱ्या, धुरात डोळे पुसत चपात्या भाजणाऱ्या आणि सर्वांच्या मागून, उरलेल्या आमटीत भात कालवून जेवणाऱ्या बाईचे नाव तिथे नसते. तिच्या श्रमाचा दर कोणी काढला नाही, म्हणून तर मघाच्या हिशेबात पंच्याऐंशी हजार उरले! त्या रकमेतला मोठा हिस्सा तिचा आहे. पाटीवर जागा नसेल तर स्मरणिकेत चार पाने त्या नावांसाठी राखावीत, आणि निदान एका पंगतीला पुरुषांनी ओगराळे हाती घेऊन आधी या माउलींना वाढावे.

ग्रामस्थहो, कळस चढला म्हणून चुलाण विझू देऊ नये. श्रींना जे द्यायचे होते ते गावाने दिले. श्रींची लेकरे मात्र अजून गळक्या वर्गात बसत असतील, स्मशानात पावसाळ्यात सरण भिजत असेल, उन्हाळ्यात टाकी कोरडी पडत असेल. तोच शिधा, तीच काहील, तीच पंगत. फक्त ताटासमोर या वेळी कार्याचे नाव निराळे. देवाच्या नावाने एकत्र जेवायला शिकलेले गाव शाळेच्या नावानेही एकत्र जेवू शकते, आणि तो प्रसाद श्रींना कमी गोड लागणार नाही.

गावातील एकही पान रिकामे न राहो आणि एकही पान वेगळे न मांडले जावो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

जय हिंद! जय महाराष्ट्र!