कलम रद्द, गुन्हा दाखल!

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



वकिली करणाऱ्या माणसाच्या घरी रात्री साडेनऊनंतर फोन वाजला की घरातली माणसं ओळखतात, कुणाला तरी पोलीस ठाण्यात बोलावलेलं आहे. २०१८ सालच्या पावसाळ्यात मला असाच एक फोन आला. आमच्या तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणारा एक तरुण. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं नळाला चार दिवसांआड येणाऱ्या गढूळ पाण्याबद्दल लिहिलं होतं. भाषा तिखट होती, हे मान्य. एका लोकप्रतिनिधीच्या पोटाचा घेर आणि गावातली पाण्याची टाकी यांचा संबंध त्यानं जोडला होता. पण त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती, कुणाच्या जातीधर्माचं नाव नव्हतं.

मी ठाण्यात पोचलो तेव्हा तो बाकावर बसलेला आणि त्याचा मोबाइल साहेबांच्या टेबलावर. ठाणे अंमलदार तोंडओळखीचे होते. विचारलं, "कलम कोणतं लावताय?" ते म्हणाले, "आयटी अ‍ॅक्ट. सहासष्ट अ."

आता, २०१८ साली हे कलम अस्तित्वात नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं ते २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं होतं. मी तसं सांगितलं. अंमलदारांनी शांतपणे कपाटातून एक लहानसं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "हे बघा वकीलसाहेब, छापलेलं आहे." आणि छापलेलं होतंच! पुस्तक जुनं होतं. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता की कुणाचा हुकूम पाळण्याची घाई नव्हती. त्यांच्या पुस्तकात कलम होतं, एवढंच. त्या रात्री दोन तास वाद घालून, निकालाची बातमी मोबाइलवर दाखवून आम्ही बाहेर पडलो. गुन्हा दाखल झाला नाही. मुलाचा मोबाइल मात्र तिसऱ्या दिवशी परत मिळाला.

घरी आल्यावर मी माझ्या कपाटातलं पुस्तक काढून पाहिलं. २०१३ साली घेतलेलं. त्यातही कलम ६६-अ दिमाखात उभं होतं. निकाल मी वर्तमानपत्रात वाचला होता, त्यावर बार रूममध्ये तावातावानं बोललोही होतो. पण माझ्याच पुस्तकात पेन्सिलीची एक आडवी रेघ मारायची मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. त्या अंमलदारांना मी काय बोलणार?

मंडळी, आज या कलमाचीच गोष्ट सांगायची आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. मूळ कायद्यात ६६-अ नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये संसदेनं दुरुस्ती मंजूर केली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ती अमलात आली. संगणक किंवा मोबाइलवरून 'अतिशय आक्षेपार्ह' मजकूर पाठवणं, खोटी आहे हे ठाऊक असलेली माहिती त्रास देण्यासाठी किंवा गैरसोय करण्यासाठी वारंवार पाठवणं, असे सगळे प्रकार त्यात गुन्हा ठरले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा जामीनपात्र, पण दखलपात्र. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय घरी येऊ शकत होते.

आता 'आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय' हे शब्द पाहा. आमच्या घरी सकाळच्या चहापर्यंत हे तिन्ही प्रकार घडून गेलेले असतात. खून म्हणजे काय, चोरी म्हणजे काय, हे कायद्यात बारकाईनं लिहिलेलं असतं. 'त्रास' म्हणजे काय, हे मात्र कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते ज्याला त्रास झाला त्यानं आणि ज्यानं फिर्याद लिहून घेतली त्यानं ठरवायचं.

शब्दही आपले नव्हते. 'अतिशय आक्षेपार्ह' मजकुराची ही भाषा इंग्लंडमधल्या १९३५ सालच्या टपाल कायद्यातून, टेलिफोनवरून पाठवलेल्या निरोपांबद्दलच्या तरतुदीतून चालत आलेली. तिच्यावर इंग्लंडातही न्यायाधीशांचं एकमत होईना. २०१० च्या जानेवारीत बर्फामुळे विमानतळ बंद पडला म्हणून वैतागलेल्या एका तरुणानं ट्विटरवर लिहिलं, की आठवडाभरात नीट झालं नाही तर विमानतळ उडवूनच देतो. खालच्या न्यायालयानं त्याला दोषी ठरवून दंड केला. वरच्या न्यायालयानं २०१२ मध्ये तो थट्टेचा भाग मानून निर्दोष सोडलं. कायदा कोळून प्यालेल्या माणसांची ही गत, तर रात्रपाळीच्या हवालदारानं काय करायचं?

आपल्याकडे २०१२ हे साल या कलमाचं म्हणावं लागेल. एप्रिलमध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला व्यंगचित्र ई-मेलनं पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. नोव्हेंबरात वेळ आली आपल्या पालघरवर. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईत अंत्ययात्रा, आणि सगळीकडे दुकानं, रिक्षा बंद. पालघरमधल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीनं फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारणारा मजकूर लिहिला. तिच्या मैत्रिणीनं त्याला 'लाइक' केलं. दोघींना पोलिसांनी ताब्यात घेतलं, अटक झाली, पंधरा हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. दरम्यान लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा दवाखाना जमावानं फोडला. तिथले रुग्ण कुणाच्या भानगडीत नव्हते.

मला आजही अस्वस्थ करतो तो त्या 'लाइक'चा भाग. लिहिणारीनं निदान चार ओळी लिहिल्या होत्या. दुसरीनं फक्त अंगठा उमटवला होता. आपल्याकडे अंगठा उमटवला की माणूस अडकतो, हा अनुभव सावकाराच्या वहीपासूनचा आहे; तो फेसबुकवरही खरा ठरला.

देशभर गहजब झाला. पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि पुढे तो खटलाही बंद झाला. पण खरा परिणाम दिल्लीत झाला. श्रेया सिंघल नावाची, तेव्हा कायद्याच्या शिक्षणाच्या उंबरठ्यावर असलेली तरुणी त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०१३ मध्ये केंद्रानं राज्यांना सूचना दिली, की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय या कलमाखाली अटक करू नये. कलम तसंच राहिलं, फक्त दारावर एक साहेब बसवला.

शेवटी २०१५ मध्ये न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठानं निकाल दिला. निकालपत्र नरिमन यांनी लिहिलं. एखाद्या विषयाची चर्चा करणं, एखाद्या मताचा आग्रह धरणं आणि लोकांना चिथावणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना घटनेच्या १९व्या अनुच्छेदाचं संरक्षण आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. इंटरनेटसाठी वेगळा कायदाच करता येणार नाही, हा अर्जदारांचा मुद्दा मात्र न्यायालयानं मानला नाही. संकेतस्थळं रोखण्याचं कलम ६९-अ कायम ठेवलं. म्हणजे सगळं मोकळं रान झालं असं नव्हे.

सुनावणीत सरकारनं आश्वासन दिलं होतं, की आम्ही हे कलम जपून वापरू. त्यावर न्यायालयाचं म्हणणं असं, की सरकारं येतील आणि जातील, कलम मात्र राहीलच. आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारवर बंधनकारक नसतो. हे म्हणणं फारच वेगळ्या अर्थानं खरं ठरलं. न्यायालयानं कलम काढून टाकलं, तरी ते राहिलंच!

माझ्या त्या रात्रीच्या अनुभवाला मी अपवाद समजत होतो. तो अपवाद नव्हता. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था हा विषय घेऊन पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की निकालाची प्रत सगळ्या उच्च न्यायालयांना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवा, तिथून ती पोलीस महासंचालकांकडे जाऊ द्या. तरी जुलै २०२१ मध्ये संस्थेनं न्यायालयापुढे आकडा ठेवला, की अकरा राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत या कलमाखालचे ७४५ खटले अजून पडून आहेत. रद्द झाल्यानंतर नव्यानं दाखल झालेल्या गुन्ह्यांत पुरोगामी म्हणवणारा आपला महाराष्ट्र मागे नव्हता, पुढे होता. न्यायमूर्ती नरिमन तेव्हाही खंडपीठावर होते. आपणच रद्द केलेलं कलम सहा वर्षांनी असं जिवंत भेटावं, याचं त्यांना काय वाटलं असेल! त्यांनी धक्का बसल्याचं बोलून दाखवलं.

तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. कायद्याच्या पुस्तकात कलम अजून छापलेलं असतं, ते रद्द झाल्याचं फक्त तळटिपेत असतं, असं ते म्हणाले. माझ्या अंमलदारांनी जे केलं, त्याचंच हे दिल्लीतलं वर्णन. संसदेनं कायदा केला की तो राजपत्रात येतो, ठळक अक्षरांत येतो. न्यायालयानं तो रद्द केला की पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत एक ओळ येते. ती ओळ वाचायला चष्मा लागतो आणि सवड लागते. पोलीस ठाण्यात दोन्हींची टंचाई.

शिवाय सवय असते. नवीन माणूस जुनी फिर्याद समोर ठेवून नवी फिर्याद लिहितो. आम्ही वकील तरी काय करतो? जुन्या जामीनअर्जातलं नाव बदलून नवा अर्ज तयार करतो. एकदा तर माझ्या अर्जात आधीच्या आरोपीच्या गावाचं नाव तसंच राहिलं होतं आणि न्यायाधीशांनी भर कोर्टात हसून ते वाचून दाखवलं.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठानं आदेश दिला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, जिथं ते इतर कलमांबरोबर लावलं आहे तिथून ते काढून टाकावं, आणि कायद्याचं पुस्तक सरकारी असो वा खासगी, ६६-अ छापलं तर ते रद्द झाल्याचं वाचकाला पुरेसं स्पष्ट कळलं पाहिजे. आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं संसदेनं स्वतःच ते कलम पुस्तकातून वगळलं. २०१५ मध्ये मेलेल्याचा दाखला निघायला आठ वर्षं लागली. तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

काही श्रोते म्हणतील, की इंटरनेटवर बायकामुलींना जे काही सोसावं लागतं, त्यावर मग इलाज काय? प्रश्न रास्त आहे. माझ्याकडेही अशा मुली येतात. पण त्यांच्यासाठीची कलमं वेगळी आहेत आणि ती शाबूत आहेत. अश्लील मजकुराला आयटी कायद्याचं ६७वं कलम आहे, पाठलाग आणि छळवणुकीला २०१३ पासून स्वतंत्र कलम आहे, धमकीला आहे, बदनामीला आहे. ६६-अ गेल्यामुळे त्यांचं काही अडलेलं नाही. अडतं ते फिर्याद लिहून घेताना, आणि तो आजच्याइतकाच मोठा दुसऱ्या भाषणाचा विषय आहे.

ग्रुपचे अ‍ॅडमिन असलेल्यांसाठीही एक सांगून ठेवतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे, की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधीपासून संगनमत दिसलं पाहिजे. ग्रुपवर 'अ‍ॅडमिन जबाबदार राहील' असा निरोप दर महिन्याला फिरतो, तो वाचून घाबरून जाऊ नका.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे. सगळे आकडे बदलले. आपण अजून फसवणाऱ्याला 'चारसोबीस' म्हणतो. ज्या ३०२ चा उच्चार झाला की सिनेमागृहात शांतता पसरायची, ते खुनाचं कलम आता १०३ झालं आहे. नव्या संहितेतलं ३०२ कशाचं आहे माहीत आहे? मुद्दाम शब्द उच्चारून धार्मिक भावना दुखावण्याचं! पाठ असलेले आकडे किती घात करू शकतात, ते यावरून पाहा.

म्हणून पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तर आधी कलम विचारा आणि ते कागदावर लिहून घ्या. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी नोटीस द्यावी लागते. पूर्वी ती जुन्या प्रक्रिया संहितेच्या ४१-अ खाली असे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५व्या कलमाखाली असते. गुन्हा दाखल झाला असेल, तर संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. तो उतरवून घ्या आणि जाणकाराला दाखवा. वकिलाला दाखवलात, तर त्याचं पुस्तक कोणत्या सालचं आहे, तेही विचारायला लाजू नका.

तो मोबाइल दुरुस्तीवाला तरुण अजून माझ्या संपर्कात आहे. ग्रुप त्यानं सोडला नाही. पण पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल काही लिहायचं झालं की ग्रुपवर टाकण्याआधी तो मला पाठवतो आणि खाली विचारतो, "काका, यात काही लागतं का?" मी वाचतो आणि 'टाक' म्हणून कळवतो. मागच्या महिन्यात त्यानं फक्त एवढंच लिहिलं होतं, की आमच्या गल्लीतला दिवा आठ दिवस बंद आहे. तेही त्यानं आधी मला पाठवलं होतं.