वर राहणाऱ्यांची शिदोरी

(विकास नगर, लखनऊ येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)





२५ जून २०२५ रोजी आपल्या लखनऊचे शुभांशू शुक्ला अवकाशात गेले. त्यांची शाळा आपल्या शेजारच्या अलीगंजमधली, त्यामुळे आपल्या मुलांना ते घरचेच वाटतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर त्यांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता, हेही मुलांना पाठ आहे. पण त्या स्थानकावर २००० सालापासून माणसे अखंड राहत आहेत. त्यांचे रोजचे जेवण, कपडे, औषधे, इंधन कोण पोहोचवते? ते काम करणाऱ्या, आत एकही माणूस नसलेल्या मालवाहू यानांविषयी आज बोलायचे आहे.

आपल्यासारख्या घरापासून लांब राहणाऱ्यांना हा विषय समजायला सोपा आहे. पुष्पक एक्सप्रेसने कोणी मुंबईहून येणार म्हटले की गोडा मसाला, कोकम, मेतकूट यांची यादी तयार होते. ते नाही आले, तरी आपले अडत नाही. अमीनाबादेत काही ना काही मिळतेच. स्थानकाला मात्र शेजार नाही आणि बाजारही नाही. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने फिरते. पुष्पकला जो पल्ला गाठायला रात्रंदिवस लागतो, तो ते तीन-साडेतीन मिनिटांत कापते. अशा धावत्या घराच्या दाराशी अलगद येऊन भिडायचे, तेही यानात चालक नसताना!

मालवाहू यानांपैकी ही किमया प्रथम साधली रशियाच्या (तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या) ‘प्रोग्रेस’ यानाने. २० जानेवारी १९७८ रोजी ते निघाले आणि दोन दिवसांनी ‘सॅल्यूत-६’ स्थानकाला जोडले गेले. सुमारे २.३ टन सामान आणि इंधन त्यात होते. त्यामुळेच तिथल्या दोन अंतराळवीरांना ९६ दिवस राहता आले. सामान उतरवून झाले की अशा यानात स्थानकावरचा कचरा भरतात. मग ते वातावरणात शिरून जळून जाते. निघण्यापूर्वी आपल्या इंजिनांनी स्थानकाला थोडे वर ढकलण्याचे कामही ते करते, कारण विरळ हवेच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येत असते.

हे काम सोपे नाही. २५ जून १९९७ रोजी, म्हणजे शुभांशूंच्या उड्डाणाच्या बरोबर २८ वर्षे आधी, दूरनियंत्रणाने जोडणी करण्याच्या चाचणीत एक प्रोग्रेस ‘मीर’ स्थानकावर आदळले. एका कक्षाला भोक पडून हवा निसटू लागली. आतल्या तिघांनी दारातून गेलेल्या केबल तोडून तो कक्ष बंद केला, म्हणून ते वाचले.

या यानांची खरी कसोटी लागली २००३ साली. १ फेब्रुवारीला ‘कोलंबिया’ यान कोसळले आणि आपल्या कल्पना चावलांसह सात जण गेले. अमेरिकेची सर्व शटल उड्डाणे थांबली. त्या वेळी स्थानकावर तिघे होते. जगात शोक चालू असतानाच दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारीला, ठरल्याप्रमाणे एक प्रोग्रेस निघाले आणि दोन दिवसांनी पोहोचले. शटल बरेचसे पाणीही पुरवत असे. ते बंद झाल्याने माणसे तिघांवरून दोनवर आणली गेली. २००४ च्या अखेरीस अन्न इतके कमी झाले की लेरॉय चियाओ आणि सलिझान शारिपोव यांना मोजून खावे लागले. पुढचे यान आले नसते, तर दोघांना स्थानक रिकामे सोडून परतावे लागले असते. ते यान नाताळात पोहोचले. जुलै २००५ मध्ये शटल पुन्हा उडेपर्यंत, जवळजवळ अडीच वर्षे, सारा भार या मुक्या वाहनांवर होता.

ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत अमेरिकेची दोन आणि रशियाचे एक अशी तीन मालवाहू याने वाया गेली. तरीही स्थानक रिकामे झाले नाही, कारण शिदोरी एकाच्याच हाती सोपवलेली नव्हती. जुलैत रशियाचे आणि ऑगस्टमध्ये जपानचे यान पोहोचले. आपल्या उत्सवातही सगळा भार एकाच कार्यकर्त्यावर टाकू नये, हे अनुभवी मंडळी जाणतातच!

ऑक्टोबर २०२० मध्ये गेलेल्या एका ‘सिग्नस’ मालवाहू यानाला कल्पना चावलांचे नाव दिले होते. त्यातून साडेतीन टनांहून अधिक सामान गेले. त्यात स्थानकासाठी नवे शौचालयही होते. जिच्या मृत्यूने स्थानकाचा पुरवठा अडला, तिच्याच नावाच्या यानाने तिथल्यांची इतकी साधी, रोजची गरज भागवावी, हे मला कोणत्याही पुतळ्यापेक्षा मोठे स्मारक वाटते.

आता आपल्या देशाविषयी. १६ जानेवारी २०२५ रोजी ‘इस्रो’ने ‘स्पेडेक्स’ मोहिमेत सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले. असे करणारा भारत चौथा देश ठरला. २०३५ पर्यंत आपले स्वतःचे स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. तिथे माणसे राहायची तर ही जोडणी यावीच लागेल, कारण तिथेही कोणाला तरी पीठ-मीठ न्यावेच लागणार.

बालमित्रांनो, तुम्हाला शुभांशूंसारखे वर जायचे आहे ना? जरूर जा. पण तुमच्यातल्या कोणी ती शिदोरी बांधणारे, तिचे यान बिनचूक दारी लावणारे हातही व्हावे. वरच्यांचा जीव त्यांच्याच हाती असतो.

गणपती बाप्पा मोरया!