ग्लायडर किती उंच गेलं?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या सोसायटीतली चार-पाच मुलं रिमोटवरची ग्लायडर बनवतात. उंची कमी मिळते म्हणून त्यांना नवी विंच हवी आहे आणि पालकांना खर्चाची काळजी. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाचं म्हणणं एवढंच, की आधी हिशेब मांडू.

ग्लायडरला इंजिन नसतं. विंच म्हणजे गाडीच्या स्टार्टरसारखी मोटर, 12 व्होल्टची बॅटरी आणि दोर गुंडाळणारा ड्रम. एफ-थ्री-बी या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात दोर जास्तीत जास्त 200 मीटरवरच्या कप्पीला वळसा घालून परत येतो. पायाने स्विच दाबला की विमान पतंगासारखं चढतं. खरी गंमत शेवटी! ताणलेल्या दोराच्या जोरावर विमान क्षणभर खाली सूर मारतं, वेग घेतं आणि दोर सोडून वर झेपावतं. सेकंदाला 30 मीटर वेग असेल तर, हवेचा विरोध न धरता, सुमारे 46 मीटर जादा उंची मिळते. म्हणजे पंधरा मजले!

हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून विमानात काही ग्रॅम वजनाचं, हवेचा दाब टिपणारं यंत्र ठेवतात. समुद्रसपाटीजवळ साधारण सव्वाआठ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबारने उतरतो. पण हवामानानेही दाब बदलतो, म्हणून दर उड्डाणाआधी जमिनीवर शून्य लावायचं. आमच्या भाषेत ओपनिंग बॅलन्स!

दोर सुटताना उंची किती, झेपेनंतर किती, वेळ किती लागला, हे तिन्ही आकडे लिहा. समोरून वारा असला की उंची वाढते, बॅटरी उतरली की घटते. हूक थोडा मागे घेतला आणि विमान उंच गेलं, तर श्रेय हुकाचं की वाऱ्याचं? एका उड्डाणात सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करा. जुनी आणि नवी रचना आलटून-पालटून, त्याच दिवशी, पाच-पाच वेळा उडवा आणि सरासरी काढा.

दोराचा ताणही मोजायला हवा. ताण झेपला नाही तर पंख हवेतच मोडतो, महिन्यांची मेहनत जाते, आणि खाली माणसं असतात. जास्त ताकदीची विंच म्हणजे मोठं कर्ज. ते पंखांना फेडता येईल का, हे आधी पाहायला नको का?

तेव्हा मुलांनो, मोकळ्या मैदानावर जा, सोबत मोठं माणूस ठेवा आणि वही भरा. आकडे विंच कमी पडते असं म्हणाले, तर वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडा.