दोन्ही सरकारांना एकच माप

(सांगली येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



कापडात दोष निघाला की साचेखातं म्हणतं, सूतच कच्चं होतं. त्रासनखातं म्हणतं, सूत चांगलं होतं, साचाच बिघडलेला. दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात आणि दंड कापला जातो कामगाराच्या पगारातनं. मुंबईचं सरकार आणि दिल्लीचं सरकार यांचा खेळ ह्यापरीस निराळा न्हाई.

आठवा १९५६ साल. १६ जानेवारीला पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. निर्णय दिल्लीचा. लोक रस्त्यावर आले तेव्हा गोळ्या झाडल्या मुंबई राज्याच्या पोलिसांनी. मुख्यमंत्री मोरारजी देसाई. मग खुनाचा जाब द्यायचा कोणी? चिंतामणराव देशमुखांनी गोळीबाराची न्यायालयीन चौकशी मागितली. ती झाली नाही. त्याच साली ते केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले. आपल्या १०६ हुतात्म्यांत कितीतरी गिरणी कामगार होते. त्यांच्या रक्ताचा हिशेब दोन्ही सरकारांच्या नावावर मांडला पाहिजे, निम्मा न्हवं, पुरा पुरा.

१ मे १९६० ला आपलं राज्य आलं. आपण समजलो, लाठी आता मराठी झाली, ती लागायची न्हाई. बंधूंनो, लाठीला मातृभाषा नसते!

आपल्याच गावची गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये ह्या सांगलीच्या शहर पोलीस ठाण्यात लुटीच्या आरोपावरून धरलेला एक तरुण कोठडीत मेला. आरोपी पळून गेला, असं आधी सांगितलं गेलं. मागाहून उघडकीला आलं की त्याचं प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं होतं. सांगलीकर खवळून रस्त्यावर उतरले, पोलिसांना अटक झाली. ते पोलीस कुणाचे? महाराष्ट्र सरकारचे. तिथं दिल्लीवर ढकलून भागत न्हाई.

पण म्हणून दिल्ली सुटते का? छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारत सरकारनं १९९७ साली सही केली. सही केली, पण आजवर त्याला मंजुरी दिलेली नाही. २०१० मध्ये छळबंदीचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि पुढं कायदा न होताच बुडालं. म्हणजे मारणारा हात राज्याचा, आणि तो हात धरणारा कायदा न करणारी दिल्ली. दोघंही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे पाहिजेत.

आता सीमाभागाकडं बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं ते दिल्लीच्या कायद्यानं. १९ डिसेंबर २०२२ ला तिथं महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली कर्नाटक सरकारनं. लहान मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, हे घटनेच्या ३५०-अ कलमात लिहिलंय. सोय करायची राज्यानं. न केली तर आदेश द्यायचा अधिकार राष्ट्रपतींना. एक करत न्हाई, दुसरा करवून घेत न्हाई. पोराची पाटी मात्र कोरी राहते.

आणि इथंच आपली खरी परीक्षा आहे. आपल्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी माणसं हायत, कन्नड शाळा हायत. बेळगावच्या मराठी पोरासाठी जे मागतो, तेच जतच्या कन्नड पोराला महाराष्ट्र सरकारनं दिलं पाहिजे. न दिलं तर आपणच पुढं होऊन विचारलं पाहिजे. दुसऱ्याला मोजायची पायली एक आणि घरची दुसरी, हा सावकाराचा धंदा, कामगाराचा न्हवं.

कुणी म्हणंल, ‘गड्या, आपल्याच सरकारविरुद्ध बोललास तर दिल्लीवाले टपलेलेच हायत.’ मी विचारतो, आपल्या घरचा कर्ता पोराला उपाशी ठेवत असंल तर शेजारी हसतील म्हणून आईनं गप्प बसायचं का? हे राज्य आपण मागून घेतलं न्हाई, झगडून घेतलंय. म्हणून जाब विचारायचा पहिला हक्क आपलाच.

आता कामाचं बोलतो. ध्यानात ठेवा. आपला माणूस पकडला तर २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभा करावाच लागतो. अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीनिशी झाला पाहिजे, नातेवाईकाला कळवलं पाहिजे, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलंय. न पाळलं तर मानवी हक्क आयोगाकडं अर्ज करा. १९९३ च्या कायद्यानं दिल्लीत राष्ट्रीय आयोग हाय, महाराष्ट्रात राज्य आयोग हाय. अर्जाला फी न्हाई. मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत करा, मागाहून आयोग हात लावत न्हाई. आणि एवढंही समजून असा की आयोग शिफारस करतो, सक्ती करत न्हाई. शिफारशीला जोर येतो तो अर्जामागं पाळी सुटल्यावर उभ्या राहणाऱ्या शेकडो माणसांचा.

म्हणून आजपासनं निवेदन लिहाल तेव्हा एका कागदाच्या दोन प्रती करा. एक मुंबईला, एक दिल्लीला. मंत्री कुठल्या पक्षाचा, कुठल्या भाषेचा, हे बघू नका. ‘ते खातं माझं न्हाई’ असं ज्यानं म्हटलं, त्याला एवढंच विचारा: मत मागायला आलास तेव्हा खातं कुठलं होतं?

संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा विजय असो!
कामगार एकजुटीचा विजय असो!